सवत कबूल

पारड्यात वांगी चढली होती आणि भाजीवाली वजन टाकणार, तेवढ्यात तानुबाई धापा टाकत शेगावच्या बाजारात शिरली. "काय व सत्यभामे, तू इथं वांगे निवडून राह्यली? तिकडे तुह्या नवऱ्याले पोलिसानं धरलं ना! मालधक्क्यावर त्याच्या गाडीच्या मिरचीच्या डब्यात अफू सापडली म्हंते!" तानुबाई शेजारीण, पण सत्यभामाबाईच्या आईच्या वयाची. बातमी कुणाच्याही घरची असो, पहिली उचलून आणायचा मान तिचाच. आजूबाजूचा भाव करण्याचा गलका एकदम थांबला. सत्यभामाबाईनं विचारलं, "अफू?" "हाव, अफू." "अजून काही?" "अजून काय पाह्यजे व तुले, बाप्पा?" आणि सत्यभामाबाई हसली. गालातल्या गालात नाही, तोंडाला पदर लावून नाही. पोटातून आलं तसं हसली. भाजीवालीचा हात वजनावर तसाच राहिला. धक्क्यानं बाईचं डोकं फिरलं असं लोकांनी धरलं, दोघीतिघींनी तिला खाली बसवून पाणी पाजलं. ती पाणी प्यायली, वांगी घेतली आणि घरी आली.

हसणारीला नावं ठेवणं सोपं आहे. पण तिच्या जागी चारएक वर्षं बसून पाहा. शालिग्राम मालगाडीवर गार्ड होता. गार्ड म्हणजे गाडीच्या सगळ्यात शेवटच्या डब्यात एकटा बसणारा माणूस. खंडव्याचा माल घ्यायचा, बऱ्हाणपूर, भुसावळ करत वऱ्हाडात आणायचा. आणि मालगाडीला वेळ नसते. मेल आली, थांब. पॅसेंजर आली, थांब. साहेबाची गाडी आली, थांब. कुठल्याही आडगावच्या स्टेशनात बाजूच्या रुळावर ती म्हशीसारखी पडून राहते, आणि तिचा गार्ड तेवढा वेळ काय करतो हे देवाला ठाऊक. संशयाला जेवढी मोकळी जागा हवी तेवढी रेल्वेनंच करून दिली होती. सुरुवात झाली सोपेनं, म्हणजे बडीशेपेनं. एकदा जेवता जेवता शालिग्राम म्हणाला, "वरणाले सोपेची फोडणी देत जाय. बरं लागते." झालं. तिच्या माहेरी कुणी वरणात सोप टाकत नव्हतं, सासरच्या गावी पिंपळगाव राजाला टाकत नव्हतं, मग या माणसाच्या जिभेला हे कुणी शिकवलं? घास तिच्या हातातच राहिला. त्यानंतर तिनं त्याच्या कोटाचा वास घ्यायला सुरुवात केली. कोळसा, रॉकेल, तंबाखू, घाम, आणि या सगळ्यांच्या खाली एक गोडसर काहीतरी, जे आपल्या घरातलं नाही. पुढं पुढं तर तो मऊ वागायला लागला. भाकर करपली तर ओरडेना, चहा पांचट झाला तर कप आपटेना. बाकीच्या बायका म्हणायच्या, नशीब काढलं व. ही मनात म्हणायची, नशीब कसलं, याचं सारं ओरडणं अन् सारं लाडावणं दुसऱ्या चुलीपाशी संपून येते, माह्या वाट्याला उरते ही चूल विझल्यावरची राख.

तिनं त्याला कधी विचारलं नाही. विचारलं आणि तो हो म्हणाला तर? मनात मात्र तिनं त्या बाईला चांगलं घर बांधून दिलं होतं. गोरी, सडपातळ, बऱ्हाणपुरी जरीकाठाची हौस असलेली, दारात उभी राहून गाडीची शिट्टी ऐकणारी. तिला नाव तेवढं दिलं नव्हतं, नाव दिलं की ती खरी होईल अशी भीती होती. पण सत्यभामाबाई ज्वारी दळायला बसली की ती समोर येऊन बसे, नहाणीत पाठ चोळताना मागं उभी राही. कधीकधी भाकरी थापताना ही तिच्याशी मनात भांडायची आणि भाकरीला भोक पडायचं. आईनं नावच सत्यभामा ठेवलं, मत्सर काही बाहेरून विकत आणायला नको होता, असं तानुबाई चिडवायची. तानुबाईला पुरतं काही माहीत नव्हतं, पण तिचं चिडवणं बरोबर जागी लागायचं.

म्हणून ती बाजारात हसली. अफू! म्हणजे तो वास अफूचा. मऊपणा नव्हता, ती भीती होती. घरी आल्यावरही कुठंतरी हरवल्यासारखं बसणं, दार वाजलं की दचकणं, सगळ्याला एकाच शब्दात उत्तर मिळालं. नवरा चोर निघाला होता, बदमाश निघाला होता, पण दुसरीचा निघाला नव्हता. तिनं वांगी चुलीत भाजली, सोलली, भरीत कालवलं, आणि घरात एकटीच असताना वरणाला सोपेची फोडणी दिली. सोप काय, खंडव्याच्या खानावळीतही मिळत असेल. तिनं चवीनं दोन भाकरी खाल्ल्या.

संध्याकाळी पिंपळगाव राजाहून हिंमतराव आले. शालिग्रामचे थोरले भाऊ, म्हणजे हिचे भासरे. भासऱ्यानं भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही, म्हणून ते ओट्यावर खांबाकडं तोंड करून बसले, सत्यभामाबाई दाराआड उभी राहिली आणि मधे तानुबाई. हिंमतराव खांबाला सांगायचे, खांबाच्या दोन हातांवर असलेल्या दाराला ते स्वच्छ ऐकू यायचं, तरी तानुबाई ते पुन्हा सांगायची आणि वरून स्वतःचा मसाला घालायची. गोष्ट अशी होती. धक्क्यावर मिरचीची पोती उतरवताना एका हमालाला पोतं पाठीवर घेऊनही शिंक आली नाही. त्यानं गंमत म्हणून बोलून दाखवलं, ते नेमकं पोलिसाच्या कानावर गेलं. पोतं फोडलं तर आत पानात बांधलेले काळे गोळे. डब्याच्या दाराचं शिक्क्याचं शिसं, म्हणजे सील, मधेच कुणीतरी तोडून पुन्हा लावलं होतं, आणि ते तापीकडच्या हद्दीजवळच, जिथं गाडी अख्खी दुपार बाजूच्या रुळावर पडून होती. पूर्वी खंडवा-बऱ्हाणपूर अन् आपण एकाच राज्यात होतो, आता महाराष्ट्र झाला, मधे हद्द आली, हद्दीवर पहारा आला. मग जबाबदार कोण? ड्रायव्हर म्हणाला, मी पुढं पाहतो, मागं काय होतं ते मला काय माहीत. स्टेशनमास्तर म्हणाला, रूळ माझे, गाडी माझी नाही. व्यापारी म्हणाला, माझी मिरची, बाकीचं माझं नाही. ज्यानं त्यानं हात झटकून मागच्याकडं बोट दाखवलं, आणि गार्डाच्या मागं कोणीच नसतं, गाडी तिथं संपते.

"मंग हे काय म्हणाले?" सत्यभामाबाईनं तानुबाईला विचारलं. हिंमतरावांनी खांबावरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाले, "तो म्हंते, मी गाडीपाशी नव्हतोच. तिथं वस्तीत एक बाई आहे, तिच्या घरी होतो. नेहमी जातो. ड्यूटी सोडली, हा गुन्हा माहा. अफूचं मले काही माहीत नाही." एरवी एक शब्द न गाळणारी तानुबाई या वेळी काहीच बोलली नाही. हिंमतराव पुढं म्हणाले, वकील म्हणतो, तसं असेल तर नोकरीवर निभावेल, नाहीतर तुरुंग. त्या बाईच्या बोलण्याला किंमत नाही, ठेवलेली बाई काय, शिकवलं ते बोलेल. पण लग्नाच्या बायकोनं सांगितलं तर साहेब मानतील. "वकील म्हंते, कोनती बायको आपल्या तोंडानं सवत कबूल करीन? करीन तं ते खरंच असन." दाराआडून आवाज आला, "सांगा त्यायले, मी विहिरीत जीव देईन, पन हे बोलनार नाही." ते बाजारातलं हसू कुठल्या कुठं गेलं होतं. तिनं दाराची कडी धरली. ती गोरी, सडपातळ बाई चौकट ओलांडून घरात आली होती आणि आता पाट मागत होती. तेव्हा हिंमतराव उठले, रीतभात खांबापाशीच ठेवली आणि दाराकडं तोंड करून म्हणाले, "पोरी, तो म्हंते तिले घेऊन ये, मी सोता सांगतो. चाल."

कोठडीत शालिग्राम कोटाशिवाय बसला होता, त्यामुळं एखाद्या शेतकऱ्यासारखा दिसत होता. हिंमतराव हवालदाराशी बोलायला बाजूला गेले. शालिग्रामनं गजाजवळ तोंड आणलं. "बाई-गिई कोनी नाही," तो हळूच म्हणाला. "ते मी साहेबापुढं ठोकून दिलं. अफू माहीच आहे. मीच डबा उघडू देतो. पन हे तोंडातून निघालं तं मी गेलो. तू फक्त म्हन, बाई आहे म्हनून." सत्यभामाबाईनं विचारलं, "खरंच कोनी नाही?" "नाही." "आईची शपथ घ्या." त्यानं घेतली. "माह्यावर हात ठेवून सांगा." त्यानं गजातून हात काढून तिच्या डोक्यावर ठेवला. एवढं झाल्यावर तिला रडू फुटलं, आणि रडता रडता ती म्हणाली, "सांगते मी. हजारदा सांगते." अफू कुणाची, कुठून येते, कुणाच्या घरात जाते, यातलं तिनं एक अक्षर विचारलं नाही. शालिग्राम तिच्याकडं बघत राहिला आणि मग त्यानं मान वळवली. त्याला लाज वाटली असेल असं तिनं धरलं.

जबाबापर्यंतचे दिवस तिच्या लग्नातले सगळ्यात चांगले दिवस होते. आता हे ऐकून कुणी कपाळाला हात लावेल, पण होतं ते होतं. शेजारपाजार दार लावून घेत होता, नळावर बायका हंडा बाजूला सरकवत होत्या, आणि ही चुलीपुढं गुणगुणत होती. सकाळी त्याच्यासाठी डबा न्यायची, पातळ भाकरी, तव्यावरचा ठेचा, भरीत. तो कसा खातो ते गजाबाहेर बसून बघायची. नवरा कुठं आहे हे विचारायला नको, तो समोर होता, आणि वासही घ्यायला नको. तानुबाई तिची तयारी करून घ्यायची. "साहेबानं इचारलं, तुले कवा समजलं, तं काय सांगशीन?" "वरणात सोप मागितली तवा." "माय व! हे कुठून सुचलं तुले?" सुचायला काय लागतं, चार वर्षांची मशागत होती. ती त्या खोट्या सवतीला आता हौसेनं नटवत होती, तिच्या अंगावर जरीकाठ चढवत होती, कारण ती खोटी होती. खोट्या सवतीला हळदीकुंकूसुद्धा लावता येतं. एकदा तानुबाई तंबाखूची चिमूट दाढेत धरून म्हणाली, "अफूत काय एवढं व? आम्ही कापूस वेचनीले जाताना लेकराले बोटानं चाटवत होतो. निजून राहे शेताच्या धुऱ्यावर दिवसभर. तवा सरकारी दुकानात भेटे." मग जरा थांबून म्हणाली, "माहा एक पोट्टा उठलाच नाही. तवा कोनाले जबाबदार धरावं?" सत्यभामाबाईनं हूं केलं. तिचं लक्ष ठेच्याकडं होतं.

जबाबाला फौजदार साहेब होते, देशाकडचे, चष्मा लावणारे, बोलणं सावकाश. एका बाजूला हिंमतराव, त्यांच्या मागं वकील, दुसऱ्या बाजूला हवालदारासोबत शालिग्राम उभा. सत्यभामाबाईनं पदर डोक्यावरून घेतला आणि सांगितलं. सोपेचं सांगितलं, कोटाच्या वासाचं सांगितलं, नवरा मऊ बोलायला लागला तेव्हा आपण अंथरुणात कुशीवर होऊन कसे डोळे उघडे ठेवायचो ते सांगितलं. सांगताना तिला कुठंच आठवावं लागलं नाही, कारण यातलं काहीच रचलेलं नव्हतं. फौजदारांनी लिहिणं थांबवून तिच्याकडं पाहिलं. "तिचं नाव माहीत आहे का तुम्हाला?" "सवतीचं नाव कोन इचारते, साहेब?" वकिलानं खाली बघून समाधानानं मान हलवली. फौजदार म्हणाले, "ठीक आहे. ती बाई सकाळीच आली आहे, तिचाही जबाब घ्यायचा आहे. चांगुणा नाव सांगते. तुमच्यासमोरच बोलावतो." सत्यभामाबाईला वाटलं, वाहवा, भासऱ्यांनी पुरती तयारी केली, उभं करायला कुणाला तरी शोधूनसुद्धा आणलं.

दारातून आली ती काळीसावळी, हिच्यापेक्षा वयानं मोठी, कानशिलावर केस पिकलेली बाई. टाचांना भेगा, दंडाला सैल कातडं, हातात फडक्याची गाठोडी. जरीकाठ नाही, काही नाही. सत्यभामाबाईला हसूच यायला लागलं. हिंमतरावांना यापेक्षा बरी मिळाली नाही? कोण विश्वास ठेवील? तेवढ्यात शालिग्रामनं मान वर केली. साहेब समोर आहेत, वकील आहे, आपली बायको आहे, हे तो विसरला आणि म्हणाला, "कवा निघाली व? जेवली का काही?" ती म्हणाली, "जेवीन मंग." बस, एवढंच. तिनं त्याच्याकडं धड पाहिलंही नाही, गाठोडी या हातातून त्या हातात घेतली.

जेवली का. सत्यभामाबाईच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ताप आला, गर्भ गेला, उपासतापास झाले, या माणसानं एकदाही विचारलं नव्हतं की जेवली का. तिला वाटत होतं, त्याला ते विचारता येत नसेल. काही पुरुषांना येत नाही. आणि येत होतं. किती सवयीनं आलं, पायातून वहाण काढावी तसं. मग तिला सगळं कळलं, एकामागून एक नाही, सगळं एकदम. बाई खरी होती. त्या दुपारी तो खरंच चांगुणाच्या घरी वरण खात बसला होता, आणि तिकडं कुणीतरी डबा उघडला, अफू भरली, शिसं लावलं, ते लोक आता कुठंतरी खुशाल जेवत असतील. अफू याची नव्हतीच. मग आईची शपथ का घेतली? डोक्यावर हात का ठेवला? कारण तो तिला ओळखून होता. खरी सवत ही जन्मात कबूल करणार नाही, खोटी करील. म्हणून नवऱ्यानं न केलेला गुन्हा बायकोपुढं अंगावर घेतला, आणि तिच्याकडून खरं वदवून घेतलं. तिच्या मत्सराची त्यानं दोरी वळली आणि तीच धरून तो विहिरीतून वर येत होता. वर येऊन जाणार कुठं? या चांगुणाकडं. आणि ही जर गोरी असती, तरुण असती, तर सत्यभामाबाई एकवेळ म्हणाली असती, पुरुष घसरतात. पण या भेगाळलेल्या टाचांवर कोण घसरतो? इथं कुणी घसरत नाही, इथं चालत यावं लागतं, रोज, मनानं.

"बाई," फौजदार म्हणाले, "ओळखता यांना? तुम्ही म्हणता ती हीच का?" एक हो म्हणायचा होता. तो हो खरा होता, न्यायाचा होता, त्यानं एक निर्दोष माणूस सुटत होता, हे सत्यभामाबाईला त्या खोलीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त नीट कळत होतं. तिनं पदर सारखा केला. "साहेब, मी खोटं बोलली," ती म्हणाली. "बाई-गिई कोनी नाही. हे सारं मले शिकवलेलं आहे. अफू त्यायचीच आहे. इथंच, त्या गजाआडून, आईची शपथ घेऊन, माह्या डोक्यावर हात ठेवून त्यायनं मले सांगितलं. इचारा त्यायले, सांगितलं का नाही." शालिग्राम ओरडला, "सत्यभामे!" लग्नात नाव घेतलं होतं, त्यानंतर तिनं त्याच्या तोंडून आपलं नाव आज ऐकलं. "ते खोटं होतं व! तू हो म्हनावं म्हनून म्हटलं होतं!" फौजदारांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे सांगितलं होतं?" वकिलानं कपाळ पुसलं. ती चांगुणा पुढं आली आणि गाठोडी खाली ठेवून तिनं सत्यभामाबाईपुढं हात जोडले. "बाई, मी पुन्हा त्यायचं तोंड पाहनार नाही. माह्या लेकीची आन. पन त्यायले सोडवा." सत्यभामाबाई साहेबांकडं बघत म्हणाली, "मी हिले वळखत नाही."

कागद झाला, तिनं सही केली. व्हरांड्यात आल्यावर तिला भूक लागल्यासारखं हलकं वाटलं. हिंमतराव तिच्याकडं न बघता पायऱ्या उतरून गेले. जाऊ द्या. आता नवरा बाजूच्या रुळावर नसेल, तापीकाठच्या वस्तीत नसेल, कुणाच्या वरणात सोप आहे का बघत नसेल. तो कुठं आहे हे तिला रोज, उठल्यापासून निजेपर्यंत, माहीत असणार होतं. असं तिला कधीच मिळालं नव्हतं. ती पायरीपाशी आली आणि तिला रडणं ऐकू आलं. ती बाई बाकावर बसून मोठ्यानं, लाज न धरता, छाती बडवत रडत होती, आणि आल्यागेल्यातला एकजण तिला म्हणत होता, रडू नको माय, नवरा सुटेल तुझा. सत्यभामाबाईचे डोळे कोरडे होते. तिला रडायला तोंडच उरलं नव्हतं, तेही त्या बाईनं नेलं. आणि मग ती तिथंच थांबली, कारण एक विचार मनात आला आणि तो काही केल्या जाईना. ती मागं वळली, दारातल्या हवालदाराजवळ गेली.

"दादा," तिनं विचारलं, "जेलात भेटायले बायकोलेच सोडतात ना?"

हवालदार तंबाखू मळत होता. "तसं काही नाही, बाई," तो म्हणाला. "कैदी ज्याचं नाव सांगते, त्याले सोडतात."